मागे घेतलेलं आणि मागे न येणारं

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥
गुरुवारचं चिंतन



मागच्या गुरुवारी नामाने पाप धुतलं जातं, असं आपण बोललो होतो. त्यावर इंदूरच्या ग्रुपमधून एका लेकीचा व्हॉइस मेसेज आला. ती लग्नाचे अल्बम बनवायचं काम करते, दिवसभर फोटोशॉप उघडून बसलेली असते. तिचा प्रश्न असा: "काका, मी दिवसातून शेकडो वेळा कंट्रोल झेड दाबते. चुकलं की मागे. नाम घेतलं की पाप जातं म्हणता, ते असंच असतं का? आणि तसं असेल तर ज्याचं आपण वाईट केलं, त्याच्या बाजूचं काय? तिकडे कंट्रोल झेड कोण दाबणार?"

ग्रुपवर लगेच हात जोडलेले दहा-बारा आले. कुणीतरी "आयुष्यात कंट्रोल झेड नसतो" असं लिहिलेलं सूर्यास्ताचं चित्रही टाकलं. टाकणाऱ्याचा भाव चांगलाच असणार. पण लेकीचा प्रश्न चित्राने मिटण्यासारखा नाही. तिच्या आवाजावरून मला वाटलं, तिला कुणाचं तरी काहीतरी आठवत असावं. ते मी विचारलं नाही, इथेही विचारत नाही. ज्याचं त्याने देवापुढे बोलावं. पण प्रश्न तिच्या एकटीचा नाही, म्हणून आज त्यावरच बसू.

आधी ज्यांना हे कंट्रोल झेड प्रकरण माहीत नाही, त्या आजी-आजोबांसाठी थोडं सांगतो. संगणकावर फोटो दुरुस्त करताना काही चुकलं, तर की-बोर्डवरची दोन बटणं एकत्र दाबायची. शेवटची कृती रद्द होते आणि फोटो होता तसा होतो. याला अन्डू म्हणतात. आणि रद्द केलेलं बरोबरच होतं असं वाटलं, तर ते पुन्हा आणायचं, त्याला रीडू. फोटोशॉप 1990 साली आलं, नोल आडनावाच्या दोन भावांनी केलेलं. तेव्हा त्यात एकच पाऊल मागे जाता यायचं. 1998 मध्ये त्यात 'हिस्टरी' नावाची पट्टी आली. आपण काय काय केलं त्याची यादी त्यात एकाखाली एक दिसते, आणि हवं त्या ओळीवर बोट ठेवून तिथपर्यंत मागे जाता येतं.

हे सगळं मला बडोद्याच्या आपल्या एका फोटोवाल्या साधकांनी दोन संध्याकाळी फोनवर समजावून सांगितलं. एका वाक्यावर मात्र मी त्यांना थांबवलं. ते सहज म्हणाले, "काका, मशीन मागे जातं म्हणजे काही उलटं काम करत नाही. त्याने आधीचा फोटो जपून ठेवलेला असतो, तो परत पुढे ठेवतं."

बघा हं. फोटो धूसर केला की धूसर झालेल्यातून पहिलं स्वच्छ रूप जसंच्या तसं काढायची काही युक्ती नाही. कडेचा भाग कापून टाकला, तर कापलेल्यातून कापलेलं परत उगवत नाही. तरीही अन्डू होतो. का होतो? तर कापण्यापूर्वीचा फोटो आत कुणीतरी सांभाळून ठेवलाय म्हणून. बिघडलेल्या चित्राच्या अंगात दुरुस्त व्हायची ताकद नसते. ती ताकद जपणाऱ्याकडे असते.

मी फोन ठेवला आणि कितीतरी वेळ तसाच बसलो. आपण गुरूंकडे जातो तेव्हा नेमकं काय घडतं, हे इतक्या सोप्या शब्दांत मला आजवर सांगता आलं नव्हतं. आपण स्वतःला धूसर करून घेतलेलं असतं. रागाने, लोभाने, व्यसनाने स्वतःच्या कडा कापून टाकलेल्या असतात. या बिघडलेल्यातून मूळचं कसं निघणार, असं वाटून माणूस खचतो. पण तुमचं मूळ रूप तुमच्याकडून हरवलं, म्हणून ते सगळीकडूनच हरवलं असं होत नाही. एखाद्या वाया गेलेल्या मुलाबद्दल गाव काहीही बोलो, आई म्हणते, "माझा बाळ्या असा नव्हता हो." लोक हसतात. आईकडे पहिला फोटो असतो. तसा आपल्या सगळ्यांचा पहिला फोटो परमेश्वरापाशी आहे, आणि सद्गुरू आपल्याकडे पाहतात ते तो फोटो हातात धरूनच. म्हणून तर मठात येणाऱ्या कुणालाही महाराजांनी "तू कोण होतास, काय केलंस" असं विचारलेलं आपल्यापैकी कुणी ऐकलेलं नाही.

तेव्हा लेकीच्या प्रश्नाच्या पहिल्या भागाला माझं उत्तर 'होय' असं आहे. नामाने आत काहीतरी खरोखर मागे जातं. मन पूर्वीच्या स्वच्छ जागेवर येतं. हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना पुरावा लागत नाही.

पण यात काही अटी आहेत, आणि त्या फोटोवाल्यांनाच जास्त चांगल्या कळतात.

पहिली गोष्ट मोजणीची. त्या हिस्टरीला मर्यादा असते. फोटोशॉप आपलं आपण पन्नास पावलं लक्षात ठेवतं. सांगितलं तर हजारापर्यंत ठेवेल, पण मग मशीन जड होत जातं. आता ब्रशने रंगवताना गंमत अशी, की ब्रशचा प्रत्येक फटका म्हणजे एक पाऊल. एखाद्याने गालावरचा डाग घालवायला बारीक बारीक साठ टिपके मारले, की पहिले दहा यादीतून गेले. मोठी चूक एकच असते, ती यादीत ठळक दिसते, तिच्यावर बोट ठेवून मागे जाता येतं. बारीक टिपक्यांचं तसं होत नाही. ते सगळी यादी खाऊन टाकतात आणि मूळ फोटो कधी हाताबाहेर गेला ते कळतही नाही.

घरात हेच होतं ना? नवरा-बायकोचं मोठं भांडण झालं तर दोघांनाही तारखेसकट आठवतं, आणि आठवतं म्हणूनच मिटतंही. पण रोजचे टोमणे? "तुमच्या माहेरी असंच असेल." "तुला काय कळतंय त्यातलं." "ठेव तिकडे, मी करते." एकेक टिपका. वीस वर्षांनी दोघं एका टेबलावर जेवतात आणि बोलायला काही नसतं. कुठून सुरू झालं विचाराल, तर दोघांनाही सांगता येत नाही. सुरुवात यादीतून केव्हाच निघून गेलेली असते.

म्हणून जाणती माणसं काम करताना मधेच एक 'स्नॅपशॉट' घेऊन ठेवतात. म्हणजे, 'ही अवस्था बरी आहे, हिला नाव देऊन बाजूला ठेव.' मग पुढे कितीही टिपके पडले तरी तिथे येता येतं. आपल्याकडे दिवेलागणीला देवापुढे दोन मिनिटं बसायची पद्धत होती, ती दुसरं काय होती? दिवसभरात कुणाला काय बोललो ते त्याच दिवशी, यादीत आहे तोवर पाहायचं. आता दिवेलागणीला आपल्या घरांत काय चालू असतं ते मी सांगायला नको. निदान झोपताना फोन उशाशी ठेवण्याआधी तरी ती दोन मिनिटं द्या.

दुसरी गंमत ऐका. 2018 पर्यंत फोटोशॉपमध्ये कंट्रोल झेड एकदा दाबलं की चूक मागे जायची, आणि लगेच दुसऱ्यांदा तेच दाबलं की चूक परत यायची. पुन्हा दाबलं, गेली. पुन्हा दाबलं, आली. सरळ मागे मागे जायचं असेल तर वेगळी बटणं होती. त्या वर्षीच्या नव्या आवृत्तीत हे बदललं. बडोद्याचे साधक म्हणाले, जुन्या लोकांची बोटं कित्येक महिने गोंधळत होती.

माझ्या डोळ्यांपुढे मात्र काही ओळखीची माणसं आली. नावं घेत नाही, तुम्ही हसाल. सोमवारी "माझं चुकलं" म्हणून पाया पडणार, मंगळवारी तेच करणार, बुधवारी परत पाया पडणार. दारूच्या बाबतीत हे फार दिसतं, पण फक्त दारूच्याच बाबतीत असतं असं नाही. रागीट माणसाचंही असंच. त्याला वाटतं आपण किती वेळा माफी मागितली! घरच्यांना दिसतं ते एकच बटण, जे दाबलं की जातं आणि दाबलं की येतं. अशा माणसाच्या माफीवर घरचे विश्वास ठेवत नाहीत, याचं त्याला वाईट वाटतं. वाईट वाटून घेऊ नये. एक पाऊल मागे येऊन तिथेच उभं राहिलं तर पुढचं पाऊल तेच पडणार. आणखी मागे जायला हवं. राग आला कशामुळे, त्याआधी काय झालं, त्याच्याही आधी काय, असं ओळीने वर वर सरकत गेलं की कुठेतरी खरी जागा सापडते. बहुतेकदा ती फार जुनी आणि फार लहान असते.

आणि मागे आल्यावर काय करायचं, हेही महत्त्वाचं. तुम्ही पाच पावलं मागे आलात, की ती पाच पावलं लगेच नाहीशी होत नाहीत. यादीत पुसट दिसत राहतात. रीडू दाबलं की परत हजर. पण तिथे उभं राहून तुम्ही एक नवीन काम केलंत, फोटोवर एक नवा फटका मारलात, की नेहमीच्या मांडणीत ती पुसट पावलं कायमची जातात. नव्या कृतीने जुनी वाट मोडते. नुसतं मागे येऊन मोडत नाही.

पश्चात्तापाचं अगदी असंच आहे, मंडळी. रडून झालं, उपास झाला, अकरा माळा झाल्या, तरी ती पुसट पावलं खाली तशीच असतात. एका बटणाच्या अंतरावर. म्हणून शास्त्राने पश्चात्तापाला प्रायश्चित्त जोडलं. प्रायश्चित्त म्हणजे शिक्षा, अशी आपली समजूत झालीय. मला ते नव्या फटक्यासारखं वाटतं. ज्या हाताने घेतलं त्याच हाताने द्यायचं. ज्या तोंडाने निंदा केली त्याच तोंडाने, त्याच लोकांसमोर, त्या माणसाचं चांगलं बोलायचं. हे केलं की जुनी पावलं यादीतून गेली.

वाल्याचं पाहा. एकेका हत्येला एकेक खडा टाकून सात रांजण भरले, असं आपण लहानपणापासून ऐकतो. रामनामाने तो वाल्मीकी झाला. पण त्या रांजणांतला एक खडा कमी झाला, एक मेलेला वाटसरू उठून घरी गेला, असं कुणी सांगितलेलं मी ऐकलेलं नाही. आणि पुढे काय होतं? तोच माणूस नदीकाठी उभा असतो, एक व्याध क्रौंच पक्ष्यांच्या जोडीतला नर मारतो, आणि एका पक्ष्यासाठी याच्या तोंडून शोक बाहेर पडतो. तो शोकच श्लोक झाला, त्यातून रामायण आलं. ज्या हाताने माणसं मारली त्याला पक्षी मेलेला सोसवला नाही. खडे तिथेच आहेत आणि माणूस मात्र दुसरा झालेला आहे.

इथे आपण लेकीच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाशी येतो, आणि तो अवघड आहे. ज्याचं नुकसान झालं त्याचं काय?

यासाठी मी तुम्हाला महाभारतातल्या सौप्तिक पर्वात घेऊन जातो. युद्ध संपलंय. दुर्योधन पडलाय. अश्वत्थाम्याने रात्री झोपलेल्या छावणीत शिरून द्रौपदीचे पाचही मुलगे मारलेत. पांडव त्याला गाठतात, तेव्हा तो एक गवताची काडी घेऊन तिच्यावर ब्रह्मशिर अस्त्र मंत्रतो आणि पांडवांचा नायनाट होवो म्हणून सोडतो. कृष्णाच्या सांगण्यावरून अर्जुनही तेच अस्त्र सोडतो, त्याला थोपवायला. दोन अस्त्रांच्या मधे नारद आणि व्यास येऊन उभे राहतात आणि दोघांना म्हणतात, परत घ्या.

अर्जुन परत घेतो. अश्वत्थाम्याला घेता येत नाही.

अस्त्र दोघांकडे एकच, गुरूही एकच, द्रोणाचार्य. पण सोडणं आणि मागे घेणं या दोन वेगळ्या विद्या आहेत. सोडायला मंत्र पुरतो. मागे घ्यायला वर्षानुवर्षांचा संयम लागतो, आणि ज्याचं मन ताब्यात नाही त्याने तो प्रयत्न केला तर अस्त्र त्याच्यावरच उलटतं. अश्वत्थाम्याने बापाच्या मागे लागून अस्त्र मिळवलं होतं, द्रोणांच्या मनात द्यायचं नव्हतं. आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात सोडायची विद्या आहे. एक फोटो, एक ओळ, एक व्हॉइस मेसेज, बोट लावलं की चाळीस घरांत. मागे घ्यायचं म्हणाल तर व्हॉट्सॲपवर 'सगळ्यांसाठी डिलीट' आहे, साधारण अडीच दिवसांच्या आत. पण तिथे "हा मेसेज डिलीट केला" अशी ओळ उरते, जी वाचून लोकांची उत्सुकता दुप्पट होते. आणि तोवर ज्याच्या फोनमध्ये फोटो उतरला, त्याच्याकडे तो असू शकतोच. फोटोशॉपमधला अन्डू तुमच्या मशीनपुरता आहे. छापून, पाकिटात घालून, दुसऱ्याच्या हातात दिलेल्या फोटोवर त्याची सत्ता नाही.

मग अश्वत्थाम्याचं अस्त्र कुठे गेलं? ते उत्तरेच्या गर्भावर गेलं. ज्याने कुणाचं काही केलं नव्हतं, अशा न जन्मलेल्या मुलावर. मूल मेलेलं जन्मलं, आणि कृष्णाने ते जिवंत केलं. तो परीक्षित. वंश परिक्षीण झाला असताना जन्मला म्हणून ते नाव.

आता एका गोष्टीकडे लक्ष द्या. प्रत्यक्ष भगवान तिथे आहेत, मेलेल्याला उठवायचं सामर्थ्य त्यांच्यात आहे हे सगळ्यांनी पाहिलं. मग द्रौपदीचे पाच मुलगे का नाही उठवले? ती रात्रच का नाही मागे घेतली? यावर विद्वान पुष्कळ बोलतील. मला एवढंच दिसतं, की भगवंताने झालेली रात्र नाहीशी केली नाही. जे उरलं होतं त्याला हात लावला आणि त्यातून वंश पुढे नेला. देव जर असं करत असेल, तर आपण "नाम घेतलं, झालं गेलं पुसलं" म्हणून त्या माणसाच्या दारावरून मान खाली घालून पुढे जावं, हे काही बरोबर वाटत नाही. द्रौपदीला कुणी जाऊन "विसर आता" म्हटलं असतं तर?

नाम तुमच्या मनातली फाईल स्वच्छ करतं. समोरच्याच्या भिंतीवर टांगलेला फोटो बदलायला तुम्हाला त्याच्या घरी जावं लागतं.

बडोद्याच्या त्याच साधकांनी एक हकिकत सांगितली. संबंधित घराच्या परवानगीने, नावगाव न देता सांगतो.

त्यांच्या दुकानात एक गृहस्थ आले, पन्नाशीचे. हातात जुना फोटो. आई-वडील खुर्चीवर, मागे दोन तरुण मुलं उभी. वडील नुकतेच गेले होते, फोटो मोठा करून भिंतीवर लावायचा होता. "फक्त एक काम करा," ते म्हणाले, "या उजवीकडच्याला काढून टाका." उजवीकडचा म्हणजे धाकटा भाऊ. घराच्या वाटणीवरून बोलणं बंद होतं.

साधक म्हणाले, माणूस काढणं सोपं असतं हो, मागे साधी भिंत होती. पण धाकट्याचा हात वडिलांच्या खांद्यावर होता. माणूस काढला तरी हात उरत होता. हात काढला तर खाली खांदा नव्हता, तो कोऱ्या कल्पनेने रंगवावा लागला. सदऱ्याच्या चुण्या जुळेनात. अर्ध्या तासाचं काम, दोन दिवस लागले. आणि शेवटपर्यंत एक गोष्ट जमलीच नाही. आई कॅमेऱ्याकडे पाहत नव्हती, तिची मान किंचित उजवीकडे वळलेली होती. आता ती रिकाम्या भिंतीकडे पाहत होती.

मोठ्या भावाने फोटो पाहिला, पैसे दिले, काही बोलले नाहीत. घेऊन गेले.

साधकांनी एक केलं होतं. धाकट्याला त्यांनी खोडलं नव्हतं, झाकलं होतं. या सॉफ्टवेअरमध्ये 'मास्क' म्हणून प्रकार असतो. मास्कवर काळा रंग लावला की खालचं दिसेनासं होतं, पांढरा लावला की परत दिसतं. खालचा फोटो शाबूत राहतो. ते थरांसकट त्यांनी जपून ठेवलं. का, विचारलं तर म्हणाले, "काका, धंद्याची सवय. गिऱ्हाईक काढा म्हणून सांगतं तेव्हा मी कधीच खोडत नाही. घरची माणसं आहेत, काय सांगावं."

सात-आठ महिन्यांनी फोन आला. त्या घरात आईला आता नीट दिसत नाही. ती रोज संध्याकाळी फोटोपुढे उदबत्ती लावते आणि काचेवरून हात फिरवते. एक दिवस तिने उजवीकडे हात फिरवत विचारलं, "हा कुठं दिसत नाही रे मला?" मोठा म्हणाला, "आई, तुझी नजर कमी झालीय." आईने ते खरं मानलं. स्वतःच्या डोळ्यांना दोष देऊन ती गप्प बसली. त्या रात्री या माणसाला झोप आली नाही.

फोनवर त्यांनी विचारलं, "ते परत करता येईल का?" आता अन्डूचं म्हणाल तर फाईल बंद झाली त्याच दिवशी हिस्टरी गेली होती, ती फाईलबरोबर राहत नाही. पण झाकलेलं उघडायला हिस्टरी लागत नाही. मास्कवर पांढरा रंग भरला, धाकटा होता तिथे परत आला. साधक म्हणतात, दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

फोटोतला भाऊ दोन मिनिटांत आला. खरा भाऊ दुसऱ्या गावी राहतो. मोठे एकदा त्याच्याकडे गेले, तर वहिनींनी दारातूनच "ते बाहेर गेलेत" असं सांगितलं, आणि आत चपला दिसत होत्या. परत आले. महिन्याने पुन्हा गेले, तेव्हा आत घेतलं. चहा झाला. काढलेल्या फोटोचं त्यांनी स्वतःहून सांगितलं. सांगितलं नसतं तर धाकट्याला कधी कळलंही नसतं. तो पुष्कळ वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "हात पण काढला होतास?" वर्षश्राद्धाला तो आला, जेवला, आणि त्याच रात्रीच्या गाडीने परत गेला. वाटणीचा कागद अजून झालेला नाही. आईने मात्र त्या दिवशी त्याच्या तोंडावरून हात फिरवला.

सगळं गोड झालं असं मी सांगत नाही, कारण झालेलं नाही. पण तुम्ही विचाराल, पाप कुठे फिटलं, नामजपात की त्या दारात? मला दोन्ही ठिकाणी दिसतं. हे गृहस्थ अनुग्रहित आहेत, रोजची उपासना त्यांनी त्या आठ महिन्यांतही चुकवली नव्हती. मला वाटतं, नामानेच त्या रात्री त्यांची झोप उडवली. नाम नुसतं शांत करतं ही आपली समजूत अर्धी आहे. वेळ आली की ते माणसाला अंथरुणातून उठवून एस. टी. स्टँडवर उभं करतं. आणि दारातून परत आल्यावर पुन्हा जायचं बळही तेच देतं.

एक शंका यावर येणारच, म्हणून आधीच बोलतो. समोरचा माणूस या जगातच नसेल तर? आई गेली, वडील गेले, ज्याचे पैसे बुडवले तो गेला. तिथे तर्पण आहे, दान आहे, त्यांच्या मुलाबाळांशी वागणं आहे. परीक्षिताची गोष्ट त्यासाठीच आठवा. गेलेल्याला काही देता येत नसेल तर उरलेल्याला द्या. आणि समोरचा असूनही दार उघडत नसेल तर? दोनदा-तीनदा जावं, मग थांबावं, त्याच्या दाराशी धरणं धरून बसू नये. क्षमा ही त्याची वस्तू आहे. केव्हा द्यायची, द्यायची की नाही, हे तोच ठरवणार. आपल्या मनाला बरं वाटावं म्हणून त्याला घाई करणं, ही पुन्हा आपलीच सोय पाहणं झालं. हे मी जरा कडक लिहितोय, पण घराघरांत वडीलधारी मंडळी "पाया पडलाय ना तो, आता सोड" म्हणून ज्याला लागलं त्यालाच दटावतात, ते मी पाहिलेलं आहे.

इंदूरच्या लेकीला एवढंच सांगतो, बाळा, कंट्रोल झेड दाबताना तुला तो प्रश्न पडला, हेच पुष्कळ आहे. जिथे जायचं मनात आलंय तिथे जा. मेसेज नको, फोनही शक्यतो नको. घरचं काहीतरी करून ने. रिकाम्या हाताने माफी मागायला फार अवघड जातं, हातात डबा असला की दारातली पहिली दोन वाक्यं तो सांभाळून घेतो.

आता दोन कामाच्या सूचना. गुरुपौर्णिमेच्या स्मरणिकेसाठी जुने फोटो गोळा करतो आहोत. ग्वाल्हेर आणि बेळगावकडून आलेले पोचले, गोव्याच्या मंडळींचे अजून यायचेत. ग्रुपवर टाकलेला फोटो पाठवताना दाबला जातो आणि छपाईत फुटतो, म्हणून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर मूळ फोटो कुणी येणाऱ्याबरोबर द्या, स्कॅन करून परत मिळेल. फोटो साफसूफ करायची सेवा बडोद्याच्या साधकांनी घेतली आहे. त्यांचा निरोप आहे की डाग, घड्या, वाळवीची भोकं सगळं भरून देऊ, पण फोटोतलं कुणी काढा म्हणून सांगू नका.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥